डॉक्टरकीचा खर्च आणि कर्जाचे खत
(पालकसभेत एका गावशाळेच्या शिक्षकाने केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला, की ‘पोराला डॉक्टर करायचेच, मग रान गेले तरी चालेल’ असे बोल आपल्या ओट्यांवर ऐकू येतात. कुणब्याच्या, सुताराच्या, कुंभाराच्या घरात डॉक्टर निपजावा, ही इच्छा उत्तम आहे. परंतु रान का जाते, आणि ते न जाता काम झाले असते काय, हे विचारल्यावाचून ते जाऊ देणे शहाणपणाचे नव्हे.

१८७५ साली सुप्याच्या बाजारात आपल्या वाडवडिलांनी सावकारांची खते जाळली. त्या खतांत काय लिहिले आहे, हे अंगठा देणाऱ्याला बहुधा ठाऊक नसे. आज आपण सही करतो. पण वाचून करतो काय?

पहिली गोष्ट जागेची. सरकारी कॉलेजची फी खाजगीच्या मानाने पुष्कळ कमी. खाजगी कॉलेजची फीही मनमानी नाही. २०१५ च्या कायद्याखालचे शुल्क नियामक प्राधिकरण ती ठरवते. त्यावर ‘वरचे’ पैसे मागणे १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. वरच्या पैशाला पावती नाही. पावती नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, सरकार सवलत देत नाही. मग उरते काय? रान किंवा सावकार! आपल्या घरांचा नाश होतो तो बहुतेक येथेच. दलाल दारात आला, तर त्याला पाणी द्या आणि वाटेला लावा.

दुसरी गोष्ट सवलतींची. सामायिक प्रवेशफेरीतून जागा मिळाली तरच फीची सवलत मिळते. व्यवस्थापनाच्या कोट्यातील जागेला नाही. वर्ग व उत्पन्न यांप्रमाणे मुलांना पूर्ण किंवा अर्धी सवलत आहे. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील ज्या मुलींच्या घरचे उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांची शिक्षण व परीक्षा फी सरकार भरते. तेव्हा ‘पोरीच्या फीला पैसा कुठला?’ हे कारण आता पुढे करू नका. मात्र कागद वेळेवर हवेत. जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच करावा. उत्पन्नाचा दाखला तयार ठेवावा. महाडीबीटीवरचा अर्ज दरसाल न चुकता भरावा. एका दाखल्यापायी वर्षाची फी अंगावर पडते.

तिसरी गोष्ट बँकेची. बँकांच्या नमुना योजनेप्रमाणे साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही; त्यापुढे लागते. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो. पण हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, असे समजू नका. आपण हिशेबच मांडू.

समजा, दरसाल २ लाखांप्रमाणे पाच वर्षांत १० लाख उचलले. व्याज शेकडा १०, सरळ. डॉक्टरकी साडेपाच वर्षांची, वर एक वर्ष सवलतीचे. पहिल्या २ लाखांवर साडेसहा वर्षांचे १ लाख ३० हजार व्याज चढते. पुढच्या उचलींवर क्रमाने १ लाख १० हजार, ९० हजार, ७० हजार व ५० हजार. एकूण साडेचार लाख. म्हणजे पहिला हप्ता देण्याआधीच १० लाखांचे साडेचौदा लाख झाले! ते १५ वर्षांत फेडले, तर महिना सुमारे १५,६०० रुपये, एकूण सुमारे २८ लाख. १० वर्षांत फेडले, तर महिना सुमारे १९,२०० रुपये, एकूण सुमारे २३ लाख. व्याज शिक्षणकाळातच भरत गेलात, तर १० वर्षांच्या फेडीत सारे मिळून साडेवीस लाखांच्या आत भागते.

घरचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर मान्यताप्राप्त संस्थेतील विद्यार्थ्याचे या काळातील व्याज केंद्र सरकारने भरावे, अशी योजना आहे. तिची चौकशी सही करण्यापूर्वीच बँकेत करावी. आणखी एक ध्यानात ठेवा. एमबीबीएस झालेल्या पोराला पुढे शिकायचे असते. त्या परीक्षेच्या तयारीत एखादे-दोन वर्षे जातात. हप्ता तोवर थांबत नाही. म्हणून आंतरवासितेचे विद्यावेतन हाती येऊ लागले, की त्यातून व्याज भरण्याची सवय मुलाला लावा.

आता सावकाराचा हिशेब. शेकडा तीन रुपये महिना, म्हणजे सालाचे छत्तीस. १० लाखांना महिन्याला ३० हजार जातील आणि मुद्दल जागच्या जागी राहील. परवान्यावाचून सावकारी करणे २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे; तरी ती आपल्या आळीत चालते, कारण आपण बँकेच्या दारात जायला भितो. ती भीती टाका. खत मराठीत समजावून मागा. व्याज किती, ते बदलते काय, हप्ता केव्हापासून, जामीन कोण, हे चार प्रश्न विचारा. उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.

आणि जागा मिळालीच नाही, तर? एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देता येते, दुसरी विद्याही शिकता येते. विकलेले रान मात्र परत येत नाही. आणि ज्या पोरावर घर विकल्याचा भार आहे, तो उद्या रोग्याकडे कोणत्या नजरेने पाहील, याचाही विचार करा.

ज्यांना कागद वाचता येत नाहीत, त्यांनी शाळा सुटल्यावर ते घेऊन माझ्याकडे यावे. आपण बसून वाचू.