शिक्षणाच्या वाटेवरील राज्यसीमा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



बारावीचे निकाल लागले की आपल्या कार्यालयांत पालकांची ये-जा सुरू होते. कुणाला दाखल्याची अडचण असते, कुणाला शुल्काची. आपले कार्यकर्ते धावपळ करतात, संस्थाचालकांना गळ घालतात, शुल्काचे हप्ते पाडून घेतात आणि काम झाले असे समजतात. ह्या मुलाला जे शिकावयाचे आहे ते त्याला परवडेल अशा खर्चात महाराष्ट्राबाहेर कुठे मिळेल काय, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. परराज्यात शिकावयास जाणे ही श्रीमंतांची चैन आहे, असे आपणच गृहीत धरून बसलो आहोत.

ह्या समजुतीला इतिहास आहे. महाराष्ट्रात १९८३ साली विनाअनुदान महाविद्यालयांचे दार उघडले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून पैसेवाल्यांची मुले देणगी भरून कर्नाटकात जात होती. परराज्य म्हणजे देणगी, हे समीकरण तेव्हापासून लोकांच्या मनात बसले आहे. कर्नाटक सरकारने १९८९ साली खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांचे जे वार्षिक दर जाहीर केले ते पाहण्यासारखे आहेत. सरकारी जागेवरील विद्यार्थ्याला २,००० रुपये, इतर कर्नाटकी विद्यार्थ्याला २५,००० आणि राज्याबाहेरच्याला ६०,००० पर्यंत. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या तिघांचे हे तीन भाव! मेरठच्या एका मुलीने ह्याविरुद्ध दाद मागितली व १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी देणगी घटनाबाह्य ठरविली. पुढच्याच वर्षी मोठ्या खंडपीठाने त्या निर्णयाला मुरड घातली, हे खरे.

परंतु बाहेरच्याकडून अधिक पैसे घेण्याची कल्पना काही खाजगी संस्थाचालकांनी काढलेली नाही. इंदूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेतले जाई. दिल्लीचा एक विद्यार्थी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५५ साली हरला. राज्यघटनेचे पंधरावे कलम जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई करते, रहिवासावरून नव्हे, असा बहुमताचा निर्णय झाला. सोळाव्या कलमात, म्हणजे सरकारी नोकरीच्या बाबतीत, ‘रहिवास’ हा शब्द आहे, पंधराव्यात नाही. एका शब्दाच्या अभावी केवढे दार बंद राहिले आहे, हे आपल्या वकील मित्रांनी लोकांना समजावून सांगावयास हवे. राज्याच्या करातून चाललेल्या महाविद्यालयात त्या राज्याच्या मुलांना अग्रक्रम असावा, ह्यात मला काही गैर दिसत नाही. पण अग्रक्रम वेगळा आणि दंड वेगळा.

आता दुसरी बाजू. केंद्र सरकारच्या पैशाने चालणाऱ्या संस्थांत हा जादा आकार नाही. बनारस, हैदराबाद, शांतिनिकेतन येथील केंद्रीय विद्यापीठांत सातारचा विद्यार्थी आणि स्थानिक विद्यार्थी एकच शुल्क भरतात, आणि तेथील नेहमीच्या पदवी अभ्यासक्रमांचे शुल्क आपल्याकडच्या विनाअनुदान महाविद्यालयांच्या मानाने बहुधा किरकोळ असते. महाराष्ट्रात केंद्रीय विद्यापीठ एकच, वर्ध्याचे हिंदी विद्यापीठ. म्हणजे ह्या सोयीचा लाभ घ्यावयाचा तर आपल्या मुलांना सीमा ओलांडणे भागच आहे. सोलापूरकरांना ती फार दूर नाही. कर्नाटकाचे केंद्रीय विद्यापीठ शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात आळंद तालुक्यात आहे. ज्याला शिक्षक व्हावयाचे आहे त्याला भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था ठाऊक असावयास हवी. तिच्या कार्यक्षेत्रातच महाराष्ट्र येतो. जिला जर्मन वा अरबी शिकावयाची आहे तिला हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषांचे विद्यापीठ ठाऊक हवे. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत निम्म्या जागा परराज्यांतील विद्यार्थ्यांसाठीच असतात. तेथे अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर कोणालाही ते पूर्ण माफ, आणि एक ते पाच लाख असेल तर दोन-तृतीयांश माफ. हे ठाऊक नसलेल्या किती बापांनी गावाजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी जमीन गहाण टाकली असेल!

निवड करताना मुलाची आवड शेवटी विचारण्याची आपली रीत आहे. ती उलटी केली पाहिजे. आधी त्याला काय शिकावयाचे आहे, कोणत्या भाषेत शिकणे झेपेल, घरापासून किती दूर राहवेल, हे विचारावे. मग पैशाचा हिशेब मांडावा. हा हिशेब केवळ शुल्काचा नसतो. दिल्लीत महाविद्यालयाचे शुल्क थोडे असले तरी वसतिगृह न मिळाल्यास खोलीचे भाडे ते सारे खाऊन टाकते. म्हणून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वसतिगृह मिळते काय, खानावळीचा आकार किती, अनामत किती, सुटीत घरी येण्याचे रेल्वेभाडे किती, हे सारे तीन किंवा चार वर्षांचे धरून मांडावे. (विद्यार्थ्याला घरी जाण्यासाठी रेल्वेत निम्मी सवलत असते, अनुसूचित जाती-जमातींना पंचाहत्तर टक्के, बहुतेकांना हेही कुणी सांगत नाही.) मुलींच्या बाबतीत वसतिगृह हा पहिलाच प्रश्न असतो. आईच्या धास्तीला मागासलेपणा म्हणून हसण्याऐवजी आपल्यापैकी कुणी तेथे जाऊन जागा पाहून यावे.

खरी भिंत दाखल्यांची आहे. आंध्रातून मुंबईत आलेल्या कुटुंबातील एका विद्यार्थ्याला येथील वैद्यकीय महाविद्यालयांत अनुसूचित जमातीची जागा नाकारली गेली आणि १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरविले. मूळ राज्य सोडले की दुसऱ्या राज्याच्या आरक्षणावर हक्क उरत नाही. केंद्रीय संस्थांत तो हक्क शाबूत राहतो, पण तेथे दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. भटक्या-विमुक्तांचा आपल्याकडचा स्वतंत्र वर्ग केंद्रात नाही. यादीत असलेल्या जातींना इतर मागासवर्गीय म्हणून अर्ज करावा लागतो. २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाला मिळालेले आरक्षणही तेथे चालत नाही.

शिष्यवृत्त्यांचेही तसेच. अनुसूचित जातींसाठी १९४४ साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती परराज्यात शिकणाऱ्यालाही त्याचे स्वतःचे राज्य देते. तिची रचनाच शहाणपणाची आहे. मदत विद्यार्थ्याबरोबर चालते. उलट, आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठीची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क-योजना, किंवा २०२४ साली मुलींना जाहीर झालेली संपूर्ण शुल्कमाफी, ही राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेला बांधलेली आहे. आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरातील मुलीचे भरमसाट शुल्क सरकार येथील खाजगी संस्थेला भरते, पण तीच मुलगी त्याहून कितीतरी कमी खर्चात बनारसला शिकू लागली तर तिच्या वाट्याला त्यातले काही येत नाही. ही मदत विद्यार्थिनीला आहे की संस्थाचालकाला? हा प्रश्न आपण विधिमंडळात विचारलाच पाहिजे.

अमेरिकेचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. तेथील सरकारी विद्यापीठे परराज्यातल्या विद्यार्थ्याकडून अनेकदा दुप्पट-तिप्पट शुल्क घेतात. तरी पश्चिमेकडील राज्यांनी आपसांत करार करून त्यात सामील झालेल्या संस्थांपुरते हे शुल्क स्थानिक दराच्या दीडपटीवर रोखले आहे. महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, तेलंगण ह्यांच्या सरकारांना सीमाभागातल्या मुलांसाठी एवढेही करार करता येऊ नयेत काय?

तोवर आपल्या हाती जे आहे ते करू. केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेशपरीक्षा २०२२ पासून सुरू आहे. तिचे अर्ज बारावीच्या निकालानंतर नव्हे, त्याच्या कित्येक आठवडे आधी भरावे लागतात, आणि बहुतेक विद्यापीठांत त्यानंतर वेगळी नोंदणीही करावी लागते. निकालाच्या दिवशी आपल्या दारात आलेल्या पालकाला ही वाट त्या वर्षापुरती बंद झालेली असते. तेव्हा तालुका कार्यालयांनी दिवाळीनंतर लगेच गावोगावच्या कनिष्ठ महाविद्यालयांत जावे, केंद्राच्या नमुन्यातले दाखले डिसेंबरातच काढून द्यावेत आणि परराज्यात आधीच शिकत असलेल्या आपल्या भागातील मुलांचे पत्ते मिळवून नव्यांना द्यावेत.