एक चूल, एक पंगत

अनेक कुटुंबांनी एकत्र राहावे, एका चुलीवर रांधावे, स्वतःच्या हातांनी बाग फुलवावी आणि अल्प खर्चात समाधानाने नांदावे, ही कल्पना ऐकावयास गोड वाटते. ती व्यवहारात उतरविताना मात्र पहिल्याच दिवशी प्रश्न उभे राहतात. जागा कोणी द्यावी? भांडी कोणी घासावीत? एकाला जे अन्न वर्ज्य, तेच दुसऱ्याच्या नित्याच्या जेवणातले असेल, तर काय करावे? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेतील काही हिंदी कुटुंबांनी या प्रश्नांना दिलेली उत्तरे आजही मनन करण्याजोगी आहेत.

१९१० साली ट्रान्सवालमध्ये हिंदी लोकांचा सत्याग्रह चालू होता. घरचा कर्ता पुरुष तुरुंगात गेला की मागे राहिलेल्यांच्या पोटाची सोय करावी लागे. प्रत्येक कुटुंबास दरमहा रोख मदत दिली जाई. परंतु कोणाची गरज किती, हे ठरविणे अवघड होते आणि निधीही आटत चालला होता. सर्वांना एकत्र ठेवल्यास खर्च कमी होईल व पक्षपातास जागा उरणार नाही, हे गांधीजींनी ओळखले. त्यांचे स्नेही हर्मन कॅलनबॅक यांनी त्याच वर्षी सुमारे अकराशे एकरांचा मळा विकत घेतला आणि तो सत्याग्रहींना विनाभाड्याने वापरावयास दिला. हाच टॉल्स्टॉय फार्म. जोहान्सबर्ग तेथून एकवीस मैल आणि लॉली स्टेशन सुमारे मैलभर. तेथे जवळजवळ हजार फळझाडे, दोन विहिरी, एक झरा आणि पाचसहा माणसांपुरते लहानसे घर होते.

येथे गुजराती होते, तमिळ होते, आंध्र व उत्तर हिंदुस्थानचे लोकही होते. हिंदू, मुसलमान, पारशी आणि ख्रिस्ती एकत्र राहत होते. पत्र्याची घरे उभी राहीपर्यंत सर्वांनी तंबूंत दिवस काढले. नोकर ठेवावयाचा नाही, हा पहिला नियम. स्वयंपाकापासून मैला पुरण्यापर्यंत सारी कामे रहिवाशांनीच करावयाची. चूल एक, पंगतही एक. ज्याने त्याने आपले ताट धुवावे आणि मोठी भांडी पाळीपाळीने घासावीत.

बागकाम कोणासही चुकत नसे. स्वयंपाकघरात काम नसेल त्या लहानथोरांनी बागेत हात चालविलाच पाहिजे, असा शिरस्ता होता. खड्डे खणणे, लाकडे तोडणे, ओझी वाहणे यांत मुलांचा वाटा मोठा असे. परंतु शिक्षक जे काम स्वतः करीत नाहीत ते मुलांस सांगावयाचे नाही, असा दंडक होता. सांडपाणी बादल्यांत साठवून झाडांना घालीत, उष्टे व भाजीची साले खतासाठी वापरीत. कॅलनबॅक मॅरियनहिल येथील ट्रॅपिस्ट मठात जाऊन चपला करावयास शिकून आले आणि ती कला त्यांनी इतरांस शिकविली. खाजगी कामासाठी शहरात जावयाचे असेल, तर पायी जावे व शिदोरी बरोबर न्यावी, एवढ्या एका नियमाने पुष्कळ पैसा वाचला.

सर्वांत नाजूक प्रश्न अन्नाचा होता. ख्रिस्ती व मुसलमान कुटुंबांत मांसाहार चालत असे. गांधीजी स्वतः शाकाहाराचे कट्टर पुरस्कर्ते. तरीही स्त्रियांनी मांस मागितले तर ते नाकारण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे त्यांनी मनाशी ठरविले. मग त्यांनी आपली अडचण त्यांच्यापुढे मोकळेपणाने मांडली आणि त्या कुटुंबांनी स्वखुषीने शाकाहार पत्करला. उलट रमजानात मुसलमान रोजे ठेवीत, तेव्हा इतरही त्यांना सोबत म्हणून एकवेळ जेवत. एकीकडून त्याग आणि दुसरीकडून सोबत, असा हा व्यवहार होता. हुकमाने लादलेली पंगत फार दिवस टिकली नसती.

साधेपणालाही तारतम्य लागते. १९१२ साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले हा मळा पाहावयास आले. प्रकृती नाजूक असतानाही त्यांना स्टेशनपासून पायी चालावे लागले. वाटेत पावसाने गाठले आणि त्यांना थंडी बाधली. ही आपलीच चूक होती, हे गांधीजींनी पुढे प्रांजळपणे लिहून ठेवले. स्वतःचे व्रत पाहुण्याच्या अंगावर घालू नये, हा धडा या घराने आपल्या चुकीतून घेतला.

या प्रयोगाचा हिशोब मांडताना दोन गोष्टी विसरून चालणार नाहीत. जमीन विनामूल्य मिळाली नसती, तर ही काटकसर एवढी साधली नसती. तसेच, सर्वांस बांधून ठेवणारा लढा होता. तो ओसरला तशी माणसे आपापल्या घरी परतली आणि १९१३ साली उरलेली मंडळी फीनिक्स येथील वसाहतीत गेली. मळा तीन वर्षेही चालला नाही.

म्हणून ज्यांना आज चार कुटुंबे मिळून असे घर उभारावयाचे आहे, त्यांनी आधी जागेचा करार चोख करावा, कामांच्या पाळ्या लिहून काढाव्यात आणि आपण कशासाठी एकत्र येत आहोत, हे परस्परांस स्पष्ट सांगावे. बाग त्यानंतर लावावी. झाडाला पाणी घालणारे हात पुष्कळ मिळतात; दुसऱ्याचे खरकटे तोंड वाकडे न करता काढणारे हात किती आहेत, त्यावरच असे घर उभे राहते.