सड्यावर खाण यायची असते तेव्हा



आज आपण सड्याविषयी बोलू. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे जांभ्या खडकाचे सपाट पठार. राधानगरी, कोयना, चांदोली इकडच्या राखीव रानांत आणि त्यांच्या आसपास असे सडे पुष्कळ आहेत. एप्रिल-मे महिन्यात सड्यावर उभे राहा. पायाला चटके बसतात. काळपट खडक आणि वाळके गवत, दुसरे काही दिसत नाही. परका माणूस म्हणेल, "हे तर पडीक! इथं खाण काढली तर कुणाचं काय बिघडणार?"

खाण काढण्याजोगे तिथे आहेही. जांभ्याच्या थरात बॉक्साइट सापडते. त्यापासून ॲल्युमिनियम करतात. आपल्या घरातली जर्मनची भांडी त्याचीच. कोल्हापूर जिल्ह्यात अशा डोंगरमाथ्यांवरून बॉक्साइट काढले जाते.

खाण आली की काम मिळते. ज्या घरातला मुलगा पोटासाठी मुंबईला गेला, त्या घराला गावात रोजगार हवासा वाटणारच. त्यात वावगे काही नाही. पण येणार काय ते मोजतो, तसे जाणार काय तेही मोजायला नको का?

आता पाण्याचे पाहा. जांभा हा मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा खडक. पाऊस त्यात मुरतो. खाली चिकण मातीचा किंवा काळ्या पाषाणाचा थर लागला की पाणी अडते, आडवे सरकते आणि डोंगराच्या कडेला झरा होऊन फुटते. म्हणजे झरा खाली गावाजवळ दिसतो, पण त्याची टाकी वर सड्यात असते. बॉक्साइट काढायचे तर हीच टाकी खणावी लागते.

पावसाळ्यात सडा कसा असतो, ते साऱ्या जगाला ठाऊक झाले आहे. साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर कासचे पठार आहे. तेही जांभ्याचेच. माती बोट-दोन बोट. पण ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे फुलांचा गालिचा पसरतो. तेरडा फुलतो, पांढरे गेंद डोलतात. सीतेची आसवे नावाचे इवले जांभळे फूल असते. त्याच्या झाडाला बारीक पिशव्या असतात, आणि त्या पाण्यातले सूक्ष्म किडे पकडतात! टोपली कारवी तर सात-सात वर्षांनी एकदा बहरते. २०१२ साली सह्याद्रीतल्या ज्या जागांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यांत कास आहे. जवळच कासचा तलाव आहे, त्याचे पाणी सातारा शहर पिते. मे महिन्यात मात्र कासही पडीकच दिसते.

२०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, राष्ट्रीय उद्यानात, अभयारण्यात आणि त्यांच्या हद्दीपासून १ किलोमीटरपर्यंत खाण चालणार नाही. मग त्या हद्दीपलीकडे काय? तिथे खाण मागता येते. पण मोठ्या खाणीसाठी आधी तिचे पाणी, हवा, शेती, रान यांवर काय परिणाम होतील याचा अहवाल करावा लागतो. हा नियम १९९४ साली आला आणि २००६ साली नव्याने लिहिला गेला.

अहवाल करणारे लोक सरकारमान्य असतात, पण त्यांना पैसे देतो तो खाणवालाच. मला ही रीत पटत नाही. पण आज ती आहे. शिवाय खाणीसाठी पावसाळा सोडून एकाच हंगामाची मोजणी पुरी मानतात. तीन महिन्यांत हवा, पाणी, झाडे, जनावरे मोजून होतात. मोजणी उन्हाळ्यात झाली तर सड्यावर काय सापडणार? गेंद नाही, तेरडा नाही. होळीच्या आधीच आटणारा झराही नाही. माणूस खोटे लिहीत नाही. त्याने पाहिले तेवढे लिहिले.

उरलेले लिहवून घ्यायची जागा म्हणजे जनसुनावणी. तिची सूचना निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी लागते. वर्तमानपत्र पोचत नसेल तिथे दवंडीसारख्या उपायाने कळवावे, असे नियमातच आहे. अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. तो जिल्हाधिकारी कचेरीत, जिल्हा परिषदेत आणि ग्रामपंचायतीत ठेवतात. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तो मागून घ्या आणि चौघांत बसून वाचा. आपला झरा, आपली गुरे चरायची जागा, गव्यांची वाट त्यात आहे का, तेवढे आधी शोधा.

सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ अधिकारी बसतात. हजर असलेल्या कुणालाही विचारायचा हक्क आहे, बायकांनाही. खरे तर पाणी त्याच भरतात, तेव्हा झऱ्याचे त्यांनीच सांगावे. "आमचं वाटोळं होईल हो!" एवढेच ओरडून उपयोग होत नाही. त्याला खाणवाला "तसं काही होणार नाही" म्हणतो आणि बोलणे संपते. त्यापेक्षा असे म्हणा: "सड्याच्या उत्तरेच्या कडेखाली आमचा झरा आहे. तो माघापर्यंत वाहतो. चाळीस घरं त्याच्यावर पाणी भरतात. तुमच्या अहवालात तो नाही. खणल्यावर तो राहील का? आटला तर पाणी कुठून देणार?" याला उत्तर द्यावे लागते, आणि प्रश्न व उत्तर दोन्ही कागदावर येतात. जमले तर तेच लिहून, सह्या करून द्या. झरा कोणत्या महिन्यात किती वाहतो, ते आतापासून वहीत टिपा.

सुनावणीच्या शेवटी, कोण काय बोलले ते मराठीत सगळ्यांना समजावून सांगितले जाते. तोवर बरेच जण शेवटची एस.टी. गाठायला उठलेले असतात. दोघा-तिघांनी तरी बसून राहा, आणि झऱ्याचे बोलणे त्यात आले की नाही ते ऐका. आले नसेल, तर तिथेच उभे राहून सांगा.