थरथरत्या हवेतला सूर्य

भर उन्हाळ्यात डांबरी रस्त्यापलीकडचं झाड थरथरताना दिसतं ना? सूर्य न्याहाळणाऱ्या दुर्बिणीची अडचण नेमकी तीच. तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे झोत प्रकाशकिरणांना इकडेतिकडे वाकवतात आणि सौरडागांचे बारकावे पुसट होतात. म्हणूनच उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर आहे. पाणी जमिनीइतकं चटकन तापत नाही.

पण हवेची ही हालचाल मोजायची कशी? युक्ती फार सुंदर आहे. दुर्बिणीच्या तोंडावर दोन छोटी भोकं असलेलं झाकण बसवतात. दोन्हींतून सूर्याच्या कडेची वेगवेगळी प्रतिमा मिळते. वाऱ्याने दुर्बीणच हलली, तर दोन्ही प्रतिमा सोबत हलतात. हवेमुळे मात्र त्या एकमेकींपासून सरकतात. हे सरकणंच मोजायचं. त्यातून शास्त्रज्ञ डेव्हिड फ्रीड यांच्या नावाने ओळखलं जाणारं एक अंतर निघतं. ते 10 सेंटिमीटर आलं, तर कितीही मोठी दुर्बीण साधारण 10 सेंटिमीटरच्या दुर्बिणीइतकंच बारीक पाहते, म्हणजे सूर्यावरचे सुमारे 700 किलोमीटर!

लडाखमध्ये पँगाँग सरोवराकाठच्या मेरक गावी, नियोजित 2 मीटरच्या राष्ट्रीय सौर दुर्बिणीसाठी अशीच मोजणी झाली आहे.