मौन म्हणजे संमती नव्हे



१९७२ च्या मार्चमध्ये आपल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात अत्याचार झाल्याची फिर्याद एका आदिवासी मुलीने केली. वय चौदा ते सोळा. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, म्हणून १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. त्यावर वसुधा धागमवार, लतिका सरकार, उपेंद्र बक्षी व रघुनाथ केळकर या कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांस खुले पत्र धाडले. देश जागा झाला. १९८३ साली कायदा बदलला. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने तर अठरा वर्षांखालील मुलांच्या संमतीचा प्रश्नच उरला नाही.

परंतु “तू ओरडली का नाहीस?” हा प्रश्न घरोघरी अद्याप विचारला जातोच. बंधूंनो, भेदरलेल्या लेकराची वाचाच बसते. त्याला प्रथम आपला विश्वास हवा, मग वैद्य व समुपदेशक. १०९८ हा क्रमांक प्रत्येक घरी लिहिलेला असावा. अब्रूपायी प्रकरण आपसांत मिटवू नका. कळूनही न कळविणे हा गुन्हा आहे. त्या कुटुंबाची पंगत व सोयरीक तुटू न देणे आणि कचेरीत त्या आईबापांशेजारी बसणे, हे आपल्या मंडळाचे कर्तव्य होय.