साठीनंतरचे विस्मरण

अंबाजोगाईनजीक लोखंडी सावरगावी शासनाने वृद्धांच्या व मानसिक आजारांसाठी केंद्र उभारले. 2020 मध्ये तेथे कोरोनाचे रुग्णालय थाटावे लागले. मूळ गरज मात्र तशीच आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार साठीपुढील 7.4 टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. ग्रामीण भागात प्रमाण अधिक. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून तो घरातच झाकला जातो. निदानासाठी डॉक्टरांना घरच्यांचे सांगणे लागते: आजी ओळखीची वाट कधीपासून चुकते? आणि बीडमध्ये तर दसरा-दिवाळीनंतर मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, सांगणार कोण? थायरॉईडच्या विकाराने किंवा ब-12 जीवनसत्त्वाच्या अभावाने आलेले विस्मरण उपचाराने सुधारू शकते. कार्यकर्त्यांनी तोडीच्या गाड्या निघण्यापूर्वीच घरोघरी विचारपूस करावी.