मेंदूतील अमानत
(पालक मेळाव्यातील भाषण)



हात थरथरतो, चाल मंदावते, तेव्हा ‘वय झाले’ म्हणून आपण गप्प बसतो. पण तो कंपवात असू शकतो. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ साली त्याचे वर्णन केले. मेंदूच्या आत खोलवर एक लहानसा काळसर भाग आहे. तेथील पेशी डोपामिन हे द्रव्य तयार करतात आणि त्यावर आपल्या हालचाली सुरळीत चालतात. या पेशी मेल्या की हा रोग जडतो.

१९८२ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, काही तरुण एकाएकी लाकडासारखे ताठ झाले. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी शोध घेतला. या तरुणांनी चोरून बनवलेले नशेचे द्रव्य टोचून घेतले होते आणि त्यात एमपीटीपी नावाचा पदार्थ होता. मेंदूत त्याचे विष बनते. डोपामिनच्या पेशी ते आपलेच द्रव्य समजून आत घेतात. मग पेशीतील ऊर्जेची भट्टी बंद पडते, प्राणवायूचे उपद्रवी रेणू वाढतात आणि लोखंडाला गंज चढावा तशी पेशी आतून नासते.

मग उपाय काय? सेलेजिलिन हे औषध आधी दिले तर प्राण्यांमध्ये हे विष तयारच होत नाही, असे दिसले. पण पुढे आठशे रुग्णांवर चाचणी झाली तेव्हा ई जीवनसत्त्वाचा उपयोग झाला नाही आणि सेलेजिलिनने पेशी वाचतात हेही सिद्ध झाले नाही. लेव्होडोपाने त्रास कमी होतो, पण मेलेली पेशी परत येत नाही.

म्हणून विष दूर ठेवणे हाच आपल्या हातातला उपाय. पॅराक्वाट हे तणनाशक आणि रोटेनोन हे कीटकनाशक वापरणाऱ्यांत कंपवात अधिक आढळतो, असे अमेरिकेतील २०११ च्या अभ्यासात दिसले. पालकांनो, फवारणी करताना हातमोजे घाला, कपडे वेगळे धुवा, औषध पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. विद्यार्थी मित्रांनो, दोस्ताने दिलेली अनोळखी गोळी किंवा पूड घेऊ नका. त्या तरुणांनाही आत काय आहे ते ठाऊक नव्हते.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे. ती सांभाळून परत करायची आहे. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.